पान एक्केचाळीस

३ जून

सन्माननीय सदस्य,
शहर आपत्ती कार्यपद्धती समिती, यांना

मायना वाचून दचकू नका. मी माझ्या दिराला पत्र लिहीत नाही. माझा दीर तीन वर्षांत दोनदा या घरी आला आणि दोन्ही वेळा उंबऱ्यावरूनच परत गेला. मी समितीच्या माणसाला लिहितेय.

लेकीची अग्निशमन दलात निवड झाली, हे तुम्हाला माहीत असेलच. एक जुलैला तिचं प्रशिक्षण सुरू होतंय, म्हणून तिला तुमचं नवं पुस्तक आधीच मिळालं. ही कच्ची प्रत आहे, पक्की महिनाअखेर छापणार म्हणे. एकशे शहाऐंशी पानं. रद्दीच्या दुकानात तराजूशी बसून वीस वर्षं हाताला येईल ते वाचत आले, तसं हेही वाचलं. पेन्सिल घेऊन वाचलं.

पुस्तक वाईट नाही. आधीच सांगते, म्हणजे पुढचं मी रागाने बोलतेय असं तुम्हाला म्हणता यायचं नाही. आग लागली, पूर आला, इमारत पडली, की बंबवाले, पोलीस, पाणीवाले, वीजवाले, सगळ्यांनी एकाच माणसाचं ऐकायचं. चौदा केंद्रांवर एकच पद्धत. हे कधीच व्हायला हवं होतं. गादी कारखान्याला आग लागली त्या दुपारी रस्त्यावर पाच खात्यांचे पाच साहेब उभे होते आणि पाचही जण ओरडत होते.

मग पान एक्केचाळीस आलं. तुम्हाला पाठ असेल, तरी पुन्हा लिहिते:

"गादी कारखान्याच्या आगीत एक जवान सुखरूप बाहेर आला, त्याने फळ्यावरचा आपला बिल्ला काढून घेतला आणि कुणालाही न सांगता पुन्हा आत गेला. त्याचा मृत्यू झाला. धडा: बेशिस्त जवान स्वतःसोबत सगळ्या पथकाला धोक्यात घालतो."

नाव घातलं नाहीत, उपकार झाले. त्या आगीत एकच जवान गेला, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

प्रशिक्षण केंद्रात पहिल्या दिवसापासून रोज एकाने उभं राहून एका घटनेचं पान मोठ्याने वाचायचं, अशी रीत आहे. तुमच्या दादांनीही वाचलीत अशी पानं. हे पान कुणीही वाचलं, तरी माझी लेक त्या वर्गात बसलेली असणार आणि सगळे तिच्याकडे बघणार. पहिल्या आठवड्यातच तिला सांगणार का, की तुझा बाप बेशिस्तीने मेला?

ते पान काढा.

त्या 'बेशिस्त' जवानाची बायको

*

९ जून

वहिनी, नमस्कार.

पत्र कार्यालयात आलं. आवक शिपायाने फोडलं आणि माझ्यासमोर ठेवलं. पुढचं पत्र घरच्या पत्त्यावर पाठवाल तर बरं.

पुस्तक एका माणसावर लिहिलेलं नाही. अशा अकरा घटना त्यात आहेत. प्रत्येक घटनेतून एक नियम आला आहे. आजवर चौदा केंद्रांच्या चौदा तऱ्हा होत्या. कुठे आत जाताना बिल्ला फळ्यावर लावायचे आणि बाहेर आल्यावर काढायचे, कुठे साहेबाच्या हातात द्यायचे, कुठे नुसतं नाव ओरडायचे. आता सगळीकडे एकच फळा, एकाला एक खिळा, आणि फळ्याशी एक माणूस, ज्याने दुसरं कुठलंच काम करायचं नाही. हे करून घ्यायला समितीला दोन वर्षं भांडावं लागलं. तुम्हाला ते बाहेरून दिसत नाही.

एक्केचाळीसावं पान चौकशी अहवालावरून घेतलं आहे. माझ्या मनाने मी एक अक्षरही लिहिलेलं नाही. हरकत असेल तर पंचवीस तारखेच्या बैठकीआधी लेखी द्यावी लागेल, पुराव्यासकट. तुमचं दुःख मी समजतो, पण दुःख हा पुरावा होत नाही.

लेकीचं अभिनंदन. तिला सांगा, काका म्हणून नाही तरी दलातला माणूस म्हणून मला आनंद झाला.

तुमचा दीर

*

१२ जून

समितीच्या माणसाला,

पुरावा हवा ना? घ्या.

आग विझल्यावर चौथ्या दिवशी दलाने मला एक कापडी पिशवी दिली. सही घेऊन दिली. तीन वर्षं मी ती उघडली नव्हती. परवा तुमचं पत्र वाचल्यावर उघडली. आत चार वस्तू आहेत. पट्ट्याचं बक्कल: काळं ठिक्कर, एक कोपरा वितळलेला. घड्याळ: काच नाही, काटे नाहीत. घराची किल्ली: वाकडी. आणि ह्यांचा पितळी बिल्ला.

बिल्ला चकचकीत आहे, भाऊजी. मागची पिनसुद्धा. काजळीचा एक ठिपका नाही.

आता तुमच्याच पुस्तकाचं बारावं पान बघा. "बाहेर आल्यावर काढलेला बिल्ला जवानाने छातीच्या खिशात ठेवावा." पूर्वीही तसंच होतं. रोज संध्याकाळी शर्ट धुवायला टाकताना त्या खिशातून तो मीच काढायची. मग हे बिल्ला काढून पुन्हा आत गेले असतील, तर बिल्ला त्यांच्या खिशात हवा होता. पट्ट्याचं बक्कल वितळलं आणि हातभर वरच्या खिशातला बिल्ला उजळ राहिला? आगीने ओळख ठेवली म्हणायची का?

बिल्ला आत गेलाच नाही. तो दुसऱ्या कुणाच्या तरी खिशात होता आणि त्याच माणसाने तो पिशवीत टाकला. कोण तो, ते तुमच्या मोठ्या साहेबांना ठाऊक असणार. त्या दिवशी फळा सांभाळायचं काम त्यांचंच होतं. ते पाच साहेबांत भांडत उभे राहिले, फळ्याकडे बघायला कुणी नव्हतं, आणि नंतर सगळा दोष मेलेल्या माणसाच्या गळ्यात बांधला. मेलेला माणूस उलट बोलत नाही, सोयीचं असतं.

आणि तुम्ही सख्खे भाऊ असून त्या अहवालाची नक्कल सुंदर अक्षरात उतरवून दिलीत. बढती मिळाली तेव्हाच मी समजायला हवं होतं.

ह्यांची बायको

*

१५ जून

वहिनी,

तो बिल्ला जपून ठेवा आणि कुणालाही दाखवू नका. मोठ्या साहेबांचं नाव यात आणू नका, त्यांचा काही संबंध नाही.

लेक आत्ता कुठे दलात येते आहे. तिच्या नोकरीचा विचार करा. जुनं उकरून कुणाचं भलं होणार नाही. तुमचं तर नाहीच.

दीर

*

१६ जून

धमकी पोचली. "तुमचं तर नाहीच" हे शब्द मी पेन्सिलीने अधोरेखित केलेत.

काल दुकान लवकर बंद केलं आणि पैलवानाकडे गेले. बंबावरचा तुमचा जुना ड्रायव्हर, नावाचाच पैलवान, फुंकर मारली तर उडेल. निवृत्त होऊन खिडकीशी बसलेला असतो. मला बघून म्हणाला, "बसा वहिनी. चहा नाही, दूध नासलंय."

"चहा राहू दे. त्या दिवशी फळा कुणी बघितला?"

"मी बघितला. रिकामा होता. मागून पाणी मारायला भिंत पाडायची होती, बांधकाम खात्याचं यंत्र येऊन उभं होतं. त्यांचा माणूस विचारत होता, सगळे बाहेर का, सगळे बाहेर का. साहेब मला म्हणाले, फळा बघ. मी बघितला, रिकामा. मग पाडली."

"ह्यांचा बिल्ला कुणी काढला?"

त्याने चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला. म्हणाला, "दोघा भावांचे बिल्ले एकाच खिळ्यावर असायचे. आम्ही चिडवायचो, बिल्ल्यांचं लग्न लावलंय म्हणून."

"ते मला माहीत आहे. काढले कुणी?"

"वहिनी, घरातलं घरात विचारा. मला आता जिने चढायला लावू नका."

तो तळमजल्यावर राहतो.

तर घरातलं घरात विचारते. भाऊजी, त्या दुपारी एका खिळ्यावरचे दोन बिल्ले कुणी काढले?

उत्तर आलं नाही तर पंचवीस तारखेला मी बिल्ला घेऊन बैठकीच्या दाराशी उभी असेन. शिपाई अडवेल, तर मला तराजूवर पोती चढवायची सवय आहे.

*

२० जून

वहिनी,

हे चौथं पत्र आहे. तीन फाडली.

मी काढले.

कारखान्यात आम्ही दोघं बरोबरच गेलो होतो. पहिल्या मजल्यावर कापसाचे ढीग पेटलेले, धुरात स्वतःचा हात दिसत नव्हता. माझ्या हवेच्या टाकीची घंटा वाजली, म्हणजे बाहेर निघायचं. मी दादाच्या खांद्यावर थाप मारली आणि वळलो. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला, दारापर्यंत यायचा तसा. जिन्याशी तो हात सुटला. मागे आहे असंच मला वाटलं. बाहेर आलो आणि फळ्यावरून दोन्ही बिल्ले काढून खिशात टाकले, रोज काढायचो तसे. डोक्यात काही नव्हतं. पाणी प्यायलो. भिंत पडल्याचा आवाज आला, तेव्हा मी दादासाठी पेला भरत होतो.

मग मी मोजलं.

चौकशीत विचारलं, फळा रिकामा कसा? मी म्हणालो, दादा बाहेर आला होता, मी स्वतः पाहिलं, तो पुन्हा आत गेला असणार. एवढं एक वाक्य. त्यावर अहवाल उभा राहिला. मोठ्या साहेबांनी माझ्यावर विश्वास ठेवला, कारण सख्खा भाऊ अशा वेळी खोटं कशाला बोलेल? बिल्ला चार दिवस माझ्या खिशात होता. तो ठेवून घेता येईना, फेकता येईना. पिशवी शिवण्याआधी मी तो आत टाकला.

समितीत मी स्वतःहून गेलो. बाराव्या पानावर आणखी एक ओळ आहे, तुम्ही ती लिहिली नाहीत: "आपला बिल्ला आपल्याच हाताने लावावा आणि काढावा, दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावू नये." त्या ओळीसाठी मी दोन वर्षं भांडलो. चौदा केंद्रांवर ती जाईल. एक्केचाळीसाव्या पानावर मात्र मला खरं लिहिता आलं नाही.

आता तुम्हाला जे सांगणार नव्हतो, ते सांगतो. एका खिळ्यावर दोन बिल्ले ही तऱ्हा आमची नव्हती. दादा बिल्ला काढायला विसरायचा. दोनदा सहा माणसं त्याला शोधायला पुन्हा आगीत गेली आणि हा बंबाच्या मागे बसून चहा पीत होता. दुसऱ्यांदा लेखी ठपका आला. तिसऱ्यांदा झालं असतं, तर त्याला गाड्या धुवायला बसवणार होते. त्या आठवड्यात तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात त्याच्या शर्टाला इस्त्री करत होतात. मला म्हणालात, "दोघं एका घरातून जाता, एका घरी येता. तुझा काढशील तेव्हा त्याचाही काढत जा. त्याच्या डोक्यात काही राहत नाही."

म्हणून मी "तुमचं तर नाहीच" असं लिहिलं. ती धमकी नव्हती. तुमच्या वाट्याचं तुमच्यापर्यंत पोचू नये, एवढंच मला हवं होतं.

या घरात आलात तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. तुम्ही मला तू म्हणायचात. ते "तुम्ही" मला सोसत नाही.

तुमचा दीर

*

२४ जून

पत्र एकविसाला मिळालं. तीन दिवस दुकान बंद ठेवलं. कशासाठी, ते लेकीला अजून सांगितलेलं नाही.

मी बोलले होते. शब्द न् शब्द बरोबर आहे. निळा शर्ट होता, कॉलरीला इस्त्री लागत नव्हती. पण तुम्हाला सगळं माहीत नाही, कारण तुम्ही तोवर पायऱ्या उतरून गेला होतात. ह्यांनी आतून ऐकलं. बाहेर येऊन म्हणाले, "माझा बिल्ला मीच काढणार. मी काय पाळण्यातला आहे का?" आणि मी हसले. म्हटलं, पाळण्यातली पोरं तरी रडून सांगतात कुठे आहेत ते. हेही हसले आणि गेले. त्यांना पटलं नव्हतं. आपल्या दोघांच्या सोयीसाठी ते गप्प बसले.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. खरं तर स्वतःलाही आठवू दिलं नव्हतं.

आता तुमचं बघू. माझ्यावर दया केली म्हणता. दया करणारा माणूस घरी आला असता, पाटावर बसला असता आणि म्हणाला असता, वहिनी, असं असं झालं. मी तुम्हाला लाटण्याने मारलं असतं, मग आपण दोघं रडलो असतो, आणि तीन वर्षं हे बेशिस्त ठरले नसते. तुम्ही मला वाचवलं नाहीत. मला पुढे धरून स्वतःला वाचवलंत. बिल्ला काढलात तो चुकीने. त्याबद्दल मी काही बोलायची नाही, त्या चुकीत अर्धा हात माझा आहे. चौकशीत बोललात ते चुकीने नव्हतं.

सोबत कागद आहे. एक्केचाळीसाव्या पानावर हे घाला:

"जवान आत होता. त्याचा बिल्ला त्याच्या भावाने काढला. तसं करायला जवानाच्या बायकोने सांगितलं होतं. दोघांचाही हेतू वाईट नव्हता. फळा रिकामा दिसला म्हणून भिंत पाडली. त्यात त्याचा मृत्यू झाला. जवान पुन्हा आत गेला नव्हता, तो बाहेर आलाच नव्हता. त्याने कुठलाही हुकूम मोडला नाही."

उद्याच्या बैठकीत हे तुम्ही वाचायचं. तुमच्या तोंडाने, उभं राहून. मी दाराबाहेर बाकावर बसेन, बिल्ला घेऊन. आवाज बाहेर आला नाही, तर मी आत येईन.

आणि "तुम्ही"चं म्हणाल, तर ते माझ्या हातात नाही. जीभच वळत नाही.

*

२७ जून

वहिनी,

तुम्ही बाकावर होतात, म्हणजे ऐकलंच असेल. तुम्ही गेल्यावर काय झालं, ते कळवतो.

पान बदललं. एक वाक्य समितीने काढलं: "दोघांचाही हेतू वाईट नव्हता." कार्यपद्धतीच्या पुस्तकात हेतू लिहीत नाहीत, असं पोलीस खात्याचे सदस्य म्हणाले. बाकी सगळं तुमच्या शब्दांत आहे. कुणाला तुमच्याइतकं थोडक्यात लिहिता येईना.

मला समितीतून काढलं. खोट्या साक्षीची चौकशी होईल. मोठे साहेब माझ्याकडे न बघता बोलले. म्हणाले, चौकशी संपेपर्यंत याला प्रशिक्षण केंद्रावर पाठवा, फळ्याशी उभा करा. दिवसभर तेवढंच करू दे. शिक्षा म्हणूनच बोलले ते.

दीर

*

४ जुलै

भाऊजी,

ते वाक्य काढलं ते बरं केलं. लिहितानाच मला ते खटकलं होतं.

काल एक्केचाळीसावं पान वाचायचं होतं. पाळी दुसऱ्या कुणाची होती, लेकीने ती मागून घेतली. मी तिला आधी सांगायला हवं होतं. रोज सकाळी सांगेन म्हणत होते आणि रोज डबा भरून तिच्या हातात देत होते. शेवटी तिने ते वर्गात, पन्नास जणांसमोर, उभ्याने वाचलं. "जवानाच्या बायकोने" इथे थांबली म्हणे. मग पुढे वाचलं, शेवटपर्यंत.

घरी आली, बूटही काढले नाहीत. दारातूनच म्हणाली, "आई, तू सांगितलं होतंस?"

"सांगितलं होतं."

"आणि काकाने खोटं सांगितलं?"

"हो."

"आणि मी तीन वर्षं लोकांशी भांडत होते, की माझा बाबा असा नव्हता."

"नव्हताच."

माझ्या हातचं जेवली नाही. स्वतः पोळी लाटून खाल्ली, वाकडीतिकडी. बोलेल तेव्हा बोलेल. मी घाई करणार नाही, दुसऱ्यासाठी घाई करणं आपल्याला महागात पडलंय.

ह्यांचा बिल्ला मी पिशवीतून काढला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी खिळा ठोकून त्यावर लावला. तो आता कुणी काढायचा नाही.

तुम्हाला माफ केलं असं समजू नका. केलेलं नाही. करीन की नाही, तेही माहीत नाही, आणि तुम्ही विचारायला येऊ नका. हे पत्र वेगळ्या कामाचं आहे.

शनिवारी धुराच्या खोलीत पहिली कवायत आहे. लेक आत जाईल आणि दाराशी फळ्यापाशी तुम्ही असाल. तर नीट ऐका. ती अगदी बापावर गेली आहे. बाहेर येईल, हेल्मेट उशाला घेऊन कुठेतरी सावलीला आडवी होईल आणि बिल्ला खिळ्यावरच राहील. तुम्हाला ती समोर दिसत असेल. हाक मारलीत तर हातानेच सांगेल, काढा की काका, तुमच्या हाताशीच तर आहे. तेव्हा तुम्हाला तिची दया येईल. बापाविना पोर, पहिलाच दिवस, उगाच ठपका नको, असं वाटेल.

तेव्हा हात पाठीमागे बांधून उभे राहा. सहा माणसं तिला शोधायला पुन्हा धुरात जाऊ देत, येऊन तिला शिव्या घालू देत. तिला ठपका बसू दे, आठवडाभर गाड्या धुवायला लावू देत. ती उठून स्वतः येईपर्यंत तिच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही.

वहिनी